बाजार सोडून मोजलेलं गाव

ढोबळेभाऊ गेले त्या सकाळी मी त्यांनाच फोन लावणार होते, भांडायला. पेपरात फोटो आला होता. मंडप, झेंडूच्या माळा, नारळ फोडणारे हात, आणि मागे मोठा फलक : आदर्श व्यावसायिक परिसर. ज्या मैदानासाठी या माणसाने निवृत्तीनंतरची सगळी वर्षं चपला झिजवल्या, त्याच मैदानावर आदल्या दिवशी कोनशिला बसली होती आणि पहिल्या रांगेत आमचे साहेब हसत उभे होते. मला भाऊंना एवढंच विचारायचं होतं की आता तरी ओरडाल का. फोन हातात घेतला तर तोच वाजला. त्यांचा मुलगा होता. रायपुरात वाढलेला, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देतो. "आंटी, पापा नहीं रहे. सुबह चाय के लिए उठाने गए तो..." पुढे तो काय बोलला ते मी ऐकलं नाही. त्या दिवशी गुरुवार होता. दर गुरुवारी ते ज्या बाजाराला जात, त्याची पिशवी बुधवारी संध्याकाळीच भरून खुंटीला लावलेली होती, असं वहिनींनी मागाहून सांगितलं.

लिहा म्हणून ज्यांनी मला सांगितलं, त्यांनी जरा हळवं लिहा असंही सुचवलं. मला हळवं येत नाही. मला राग येतो. साहेबांचा येतो, खात्याचा येतो, खुद्द ढोबळेभाऊंचाही येतो. माझा स्वतःचा किती येतो ते शेवटी सांगते, कारण ते आधी सांगितलं तर तुम्ही पुढे वाचणार नाही.

रायपूर राजधानी होऊन राज्य नवं झालं त्या वर्षी मी नगर नियोजनाच्या या कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागले. नवरा नोकरीत असताना गेला, त्याच्या जागी मला घेतलं. पदरात दोन मुली, वय पस्तीस. शंकर नगरात एक भाड्याचा बंगला होता, तेच कार्यालय. भोपाळहून आलेल्या फायली गोण्यांतून व्हरांड्यात पडलेल्या, साहेबांचं टेबल बेडरूममध्ये, आणि नकाशे काढायचं टेबल चक्क स्वयंपाकघरात, कारण चांगला उजेड तिथेच यायचा. ओट्यावर जिथे कुणाच्या घरी पोळपाट असतो तिथे भाऊंच्या शाईच्या बाटल्या होत्या. ते आमचे ड्राफ्ट्समन. वडील वर्ध्याकडून रेल्वेत आलेले, घर चौबे कॉलोनीत. ब्लेडने पेन्सिलीला टोक काढता काढता त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "मराठी आहेस नं? मग रडून काहून राहिली? रडाचंच असन तं इथं ओट्यापाशी येत जा. तिकडं लोकं पाहतात." मी खरंच व्हरांड्यात गोण्यांच्या आड रडत होते. त्यानंतर कितीतरी महिने मी माझा जेवणाचा डबा त्या ओट्यावरच खाल्ला.

ते दिवस वेगळेच होते. नवी राजधानी, नवे साहेब, नव्या पाट्या. ज्याला त्याला विकास हवा होता आणि तो काल हवा होता. छोट्या छोट्या कसब्यांना नगर पंचायती मिळाल्या, आणि नगर म्हटलं की नकाशा आला. भाऊंच्या वाट्याला एक कसबा आला. त्याचं खरं नाव लिहीत नाही, धनपारा म्हणू. भनपुरीच्या नाक्यावरून बसने दीड तास. चारपाच माणसांची मोजणीची पार्टी तिथे शाळेत महिनाभर राहिली. गाव इंचाइंचाने मोजलं. मंदिर, तलाव, भातगिरणी, कुणाची गोठ्याची भिंत रस्त्यावर किती सरकली तेसुद्धा. फक्त गुरुवारी काम बंद असायचं. गुरुवार हा बाजाराचा दिवस, आणि बाजाराच्या गर्दीतून मोजणीची साखळी ताणता येत नाही, कुणाच्या तरी टमाट्यांवरून जाते. हा सगळ्याच मोजणी पार्ट्यांचा रिवाज होता. बाजाराच्या दिवशी साखळी गुंडाळून ठेवायची आणि पिशवी घेऊन आपणच बाजाराला जायचं. भाऊ शुक्रवारी कार्यालयात येताना माझ्यासाठी लाल भाजी आणत, कधी बोहार भाजी, कधी एखादं मडकं. मग शनिवारी परत धनपाऱ्याला जाऊन बाजार भरतो त्याच मैदानाची मोजणी करत. शनिवारी तिथे काय असणार? करंजाची झाडं आणि दोन गाढवं. नकाशात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'रिक्त भूमी.' आम्ही तो बाजार महिनाभर खाल्ला, मी पण खाल्ला, आणि कागदावर रिकामा दाखवला.

ही चूक दहाबारा वर्षं कुणाला कळली नाही. नकाशा कपाटात झोपून होता. कार्यालय शंकर नगरातून उठून शहराबाहेर नव्याने वसवलेल्या राजधानीत गेलं. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जात नाही. मग एके दिवशी धनपाऱ्याच्या आर्थिक विकासाची योजना आली. दिल्लीहून सल्लागार आले. त्यांनी उपग्रहाचं चित्र आणलं होतं आणि उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते मी त्या बैठकीत पडद्यावर पाहिलं. गावाच्या मधोमध एवढी मोठी जागा मोकळी, रस्त्याला लागून, वादाविना! तिथे शटरवाली दुकानं, वर कार्यालयं, समोर गाड्या लावायला जागा. म्हणे गावात 'संघटित बाजारपेठ' नाही, ती यामुळे येईल. भाऊंच्या निवृत्तीला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं. ते मागच्या खुर्चीवरून उठले. "सर, वहाँ बाज़ार लगता है."

"कब?" साहेबांनी विचारलं.

"गुरुवार को."

"और बाकी छह दिन?" सगळे हसले. मग साहेबांनी जुना नकाशा वर धरला. "और ढोबळे जी, ये नक्शा तो आपका ही है. रिक्त भूमि आपने ही लिखा है."

भाऊ खाली बसले. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. चहाच्या वेळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "सुनंदा, आपण बाजार सोडून गाव मोजलं. हे गावच नाही झालं." मी म्हटलं, भाऊ, तुम्ही एकट्याने थोडंच केलं, सगळेच करतात. ते म्हणाले, "सगळे करतात तं मंग सगळ्या गावाईचे बाजार रिकामे असतीन कागदावर." एवढं बोलून कप विसळून ठेवला.

बाकी सहा दिवस! या वाक्यावर मी आजही दात खाते. त्या मैदानावर सहा दिवस काय होतं, हे साहेबांना विचारायचं असतं तर एक बस होती. धान वाळतं, गुरं बसतात, लग्नाचे मांडव पडतात. आणि सातव्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन येतात, दिवसभर विकतात आणि संध्याकाळी मीठ-तेल घेऊन परत जातात. त्या बायांना सात दिवसांचं शटर कशाला हवंय? एका दिवसाची भाजी असते त्यांची. शटर हवं असतं ते ज्यांना मिळणार होतं त्यांना. ते पडद्यावर नव्हतं, पण बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. भाऊ दर गुरुवारी धनपाऱ्याला जाऊ लागले. पिशवीत ड्रॉइंगचा कागद, पट्टी, रंगीत पेन्सिली आणि वहिनींनी दिलेली पोळी-भाजी. साखळी नाही, काही नाही, नुसत्या पावलांनी त्यांनी तो बाजार मोजला. तीनदा मोजला, कारण तो ऋतूप्रमाणे सरकतो. उन्हाळ्यात करंजांखाली, पावसाळ्यात वरच्या मुरमाड उंचवट्यावर, थंडीत मध्ये उन्हाला. लाल, निळा आणि हिरवा. एकाच कागदावर तीन बाजार, आणि प्रत्येक चौकोनात विकणारीचं नाव. जमिनीचा एक तुकडाही रिकामा नव्हता. मी आयुष्यभर सरकारी नकाशे पाहिले, त्याच्याइतका खरा नकाशा पाहिला नाही.

एकदा मला सोबत नेलं. मी म्हणत होते, या वयात उन्हातान्हात कशाला, तर म्हणाले, "एकदा पाहून तं घे. खाल्ला आहेस तू थो." बाजारात त्यांना बसायला एक हात जागा दिलेली होती, बुधियारिनच्या शेजारी. बुधियारिन लाल भाजी विकते, साठीची असेल, आवाज खणखणीत. तिच्या जागेवर आधी तिची सासू बसायची, आता पुढे सून बसणार. कागद कुणाकडे नाही, भांडणही नाही. मी पाहिलं, मध्येच एका जागेवर नुसता दगड ठेवलेला, आणि एवढ्या गर्दीत त्या दगडाला कुणी हात लावत नाही. मी बुधियारिनला विचारलं. तिची शेजारीण बाळंत झाली होती. जी येऊ शकत नाही तिच्या जागेवर शेजारणीने दगड ठेवायचा, ती येईपर्यंत सांभाळायचा. "अउ कोनो मर गे त?" कुणी मेलं तर, हे भाऊंनी मला ऐकवायला मुद्दाम विचारलं. बुधियारिन म्हणाली, तीन बाजार जागा मोकळी ठेवतो. चौथ्या बाजाराला घरचं कुणीतरी येऊन बसतं. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य. आपल्या खात्यात मेलेल्या माणसाची खुर्ची तीन दिवस खाली राहत नाही."

मग योजनेचा मसुदा जाहीर झाला. कायद्याप्रमाणे आक्षेप मागवले. आक्षेप आले तर सुनावणी घ्यावी लागते, नाही आले तर योजना सरळ मंजूर. भाऊंनी बाजारातल्या एकेका बाईला समजावून अर्ज लिहिले, अंगठे घेतले, नकाशाची प्रत जोडली आणि गठ्ठा घेऊन आमच्या खिडकीवर रांगेत उभे राहिले. स्वतःच्या जुन्या कार्यालयात, बाहेरून. खिडकीच्या आत मी होते. तोवर मी आवक-जावक शाखेची प्रमुख झाले होते. म्हटलं, भाऊ, आत या, बसा. "नाही," म्हणाले, "आज मी पब्लिक आहो."

गठ्ठा घेतला. तो रजिस्टरवर चढवायच्या आधी साहेबांनी बोलावलं. "ये अंगूठे वाले हैं? इनमें न ठीक से पता है, न कुछ. अलग रख दीजिए. आक्षेप निरंक लिख दीजिए." मी तिथेच उभी राहिले. ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "सुनंदा जी, बस्तर में एक पद खाली पड़ा है. आपकी छोटी बेटी का कॉलेज यहीं है न?"

मी लिहिलं, निरंक. म्हणजे एकही आक्षेप आला नाही. माझ्या हाताने, माझ्या सहीने. ज्या खिडकीने लोकांचं म्हणणं आत घ्यायचं त्या खिडकीत बसून मी ते गिळलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. तुम्हाला मी म्हटलं होतं ना, माझा राग शेवटी सांगते, तर हा तो आहे. गठ्ठा फाडायची हिंमत झाली नाही. घरी नेऊन कपाटात साड्यांखाली ठेवला आणि त्या खणातल्या साड्या मी त्यानंतर नेसले नाही.

आठवड्याने भाऊ आले. खिडकीतून विचारलं, "सुनंदा, आवक नंबर काय पडला?" मी म्हटलं, साहेबांकडे आहे सगळं, कळवते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. चहा पाजतेस का?" मी चहा पाजला. योजना मंजूर झाली. त्यांनी वर तक्रारी केल्या, प्रत्येकीला एकच उत्तर आलं, अभिलेखात कोणताही आक्षेप नाही. ते उत्तरही माझ्याच शाखेतून टाइप होऊन जायचं. आणि हा माणूस दर दिवाळीला माझ्याकडे चिवडा घेऊन येत राहिला, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढत राहिला. एकदाही विचारलं नाही. एकदा शिवी घातली असती, चारचौघांत तोंडावर थुंकले असते तर मी मोकळी झाले असते. नाही घातली. याचा राग येतो मला त्यांच्यावर, अजून येतो.

ते गेल्यावर आमच्या कार्यालयात शोकसभा झाली. साहेब आता आणखी वरच्या खुर्चीवर आहेत, मुद्दाम आले. म्हणाले, "ढोबळे जी ज़मीन से जुड़े हुए आदमी थे." जमीन! हा शब्द उच्चारताना त्यांची जीभ अडखळली नाही. दोन मिनिटं मौन, मग समोसे. मला ती ताटली उचलून त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली. मी काय केलं? मी समोसा खाल्ला. साहेबांनी विचारलं, "कैसी हैं सुनंदा जी," तर ठीक आहे म्हटलं. पुढच्या वर्षी निवृत्त होते मी. पेन्शनचे कागद त्यांच्याच टेबलावरून जायचे आहेत.

तेरवीला वहिनींनी ती पिशवी माझ्या हातात दिली. "मले पाहवत नाही खुंटीवर," म्हणाल्या. "तूच ने. तुह्या कामाची आहे." पिशवीत नकाशा होता, तीन रंगांच्या पेन्सिली होत्या आणि घडी केलेलं गोणपाट, बसायचं.

चौथ्या गुरुवारी रजा टाकली आणि भनपुरीहून बस धरली. मैदानाला चारही बाजूंनी पत्रे ठोकलेत. करंजांचे शेंडे तेवढे पत्र्यावरून दिसतात. बाजार रस्त्याच्या कडेला आलाय, एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला ट्रक. ट्रक आला की बाया गुडघे पोटाशी ओढून घेतात, तो गेला की पाय पुन्हा सैल सोडतात. पावसाळ्यात नाली भरली की कुठे जातील, ते कुठल्याही योजनेत लिहिलेलं नाही. मी नकाशा उघडला आणि रांगेने चालत गेले. सुकी मासळी, मग मडकी, मग बांबूच्या टोपल्या, मग बांगड्या. क्रम तोच. मैदान काढून घेतलं तरी त्यांनी शेजार सोडला नव्हता. बुधियारिन लाल भाजीच्या जुड्या बांधत होती. तिच्या शेजारी, जिथे वितभर जागेसाठी पाय आवळून बसावं लागतं तिथे, एक हात जागा मोकळी होती. त्यात दगड ठेवलेला होता.

तिने मला ओळखलं. म्हणाली, "तीन बजार होगे दीदी. बइठव."

मला बसता येईना. बायांच्या पुढ्यात उभी राहूनच मी बोलले, "वो अंगूठे वाले कागज... मैंने दबाए थे. साहब ने कहा था, पर लिखा मैंने." हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, पोटच्या मुलींनासुद्धा नाही.

बुधियारिनने जुडी बांधून टोपलीत टाकली. "हव, जानथन. बाबू बताय रहिस." ठाऊक आहे, भाऊंनीच सांगितलं होतं.

"कब?"

"ओही बछर." त्याच वर्षी. दुसरी जुडी घेत म्हणाली, "कहिस, दीदी ह डर्रा गे हे. फेर कागज ला फेंकही नहीं. एक दिन लाही."

घाबरली आहे, पण फेकणार नाही, एक दिवस आणेल... इतकी वर्षं हे सांगून त्यांनी त्या बायांना माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं, आणि माझ्याकडे दिवाळीचा चिवडा घेऊन येत होते. इतका राग आला त्यांचा. असा विश्वास माणसाने माणसावर टाकू नये, तो फेडताना जीव जातो. मी तिथे रस्त्यावर, ट्रकच्या धुळीत, मोठ्याने रडले. इथे ओटा नव्हता. बुधियारिनने मला रडू दिलं, मग स्वतः वाकून दगड उचलला आणि बाजूला ठेवला. मी गोणपाट पसरून बसले.

गठ्ठा मी कपाटातून काढलाय. अंगठ्यांची शाई जराशी फिकी झाली आहे, पण प्रत्येक अंगठ्याखाली भाऊंच्या हातचं नाव स्वच्छ वाचता येतं. त्यावर एक कागद माझा जोडलाय, सगळं कसं झालं ते लिहून, खाली सही करून. सोमवारी कार्यालय उघडलं की खिडकीच्या बाहेर उभी राहून तो देईन, मग आत जाऊन मीच घेईन, शिक्का मारीन, रजिस्टरवर चढवीन. त्याच्या प्रती वकिलाकडे आणि पेपरांकडे आधीच गेल्यात. पेन्शनचं काय होईल ते होवो. पिशवी आता माझ्या दारामागच्या खुंटीला आहे, गुरुवारची तयारी करून.

आवक नंबर विचारला होता ना भाऊ तुम्ही? सोमवारी सांगते.